जागरणाची गोळी व मेंदूचें ऋण

परीक्षेचा हंगाम जवळ आला म्हणजे आमच्या नागपुरांत रात्रीचे दिवे उशिरांपर्यंत जळतात. एकीकडे मृगबहाराचीं संत्रीं बाजारांत येऊं लागतात, उन्हाला धार चढते, आणि दुसरीकडे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस दिवसाचे चोवीस तास अपुरे वाटूं लागतात. अशा वेळीं कोणीतरी सोबती कानांत सांगतो, "एक गोळी मिळते, ती घेतली म्हणजे झोंप येत नाहीं, आणि वाचलेलें डोक्यांत पक्कें बसतें." या सांगण्यांत खरें किती व खोटें किती, हें विद्यार्थ्यांस आणि त्यांच्या पालकांस समजणें अत्यंत आवश्यक आहे. भीति घालून हा प्रश्न सुटत नाहीं. ज्ञानानें मात्र सुटूं शकतो. शिवाय या विषयाचा कांहीं महत्त्वाचा अभ्यास आपल्याच शहरांत झालेला आहे. म्हणून तो या अंकांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

'उत्तेजक द्रव्य' हे शब्द ऐकतांच पुष्कळांच्या मनांत कांहींतरी दूरची, परदेशची वस्तु उभी राहते. वास्तविक अशा द्रव्यांची पहिली ओळख आपल्याला घरांत व घराबाहेरच्या रस्त्यावरच होते. सकाळच्या चहांत कॅफीन असतें. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर घोटून मिळणाऱ्या खर्ऱ्यांत तंबाखूचें निकोटिन असतें. हीं दोन्हीं उत्तेजकेंच होत. यांच्याहून पुष्कळ प्रखर असलेलीं उत्तेजकें म्हणजे अँफेटामिन, मेथिलफेनिडेट, कोकेन, आणि अलीकडे 'एम्‌डी' या नांवानें कुप्रसिद्ध झालेलें मेफेड्रोन. यांपैकीं कांहीं वैद्यकांत उपयोगी आहेत, कांहीं केवळ घातक आहेत. परंतु मेंदूला जागें करण्याचा गुण सर्वांत समान आहे.

प्रथम सर्वांत सौम्य उदाहरण घेऊं. आपण जागे असतांना मेंदूंत ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य हळूहळू साठत जातें. मज्जापेशींवर त्याच्यासाठीं जणूं राखून ठेवलेल्या जागा असतात. त्यांस शास्त्रज्ञ 'ग्राहक' म्हणतात. ॲडेनोसिन त्या जागीं जाऊन बसलें म्हणजे पेशींचें काम मंदावतें आणि डोळ्यांवर झापड येते. कॅफीनची घडण ॲडेनोसिनशीं मिळतीजुळती असल्यामुळें तें त्या जागा आधींच अडवून ठेवतें. म्हणजे चहानें थकवा जात नाहीं. थकव्याचा निरोप तेवढा अडतो. कॅफीनचा अंमल उतरला कीं दाराबाहेर खोळंबलेला तो निरोप एकदम आंत येतो. ही साधी गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचनाचें बीज तींतच आहे.

आतां प्रखर उत्तेजकांचा थोडा इतिहास पाहूं. चीन देशांत 'मा-हुआंग' नांवाची एक वनस्पति दम्यावर पुरातन काळापासून वापरीत आले आहेत. जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनीं १८८५ मध्यें तिच्यांतील गुणकारी अंश वेगळा केला, तोच एफेड्रिन. पुढें दोनच वर्षांनीं, १८८७ मध्यें, बर्लिन येथें लाझार एडेलेआनू या रुमानियन तरुणानें त्याच जातीचें एक द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें. तेंच अँफेटामिन. सुमारें चाळीस वर्षें त्याच्याकडे कोणी फारसें पाहिलें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत तें चोंदलेल्या नाकावरील औषध म्हणून 'बेंझेड्रिन' या नांवानें बाजारांत आलें, आणि नाक मोकळें होतां होतां झोंपही उडते हें लोकांच्या लक्षांत आलें. मग काय विचारावें! परीक्षेच्या आधीं जागणारे विद्यार्थी त्या गोळ्या घेऊं लागले. दुसऱ्या महायुद्धांत अनेक देशांच्या सैनिकांस व वैमानिकांस अशाच गोळ्या दिल्या गेल्या. युद्ध संपल्यावर जपानांत तर या गोळ्यांच्या व्यसनानें इतकें थैमान घातलें कीं, १९५१ मध्यें तेथील सरकारास त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. औषध म्हणून आलेली वस्तु सवय म्हणून राहते व शेवटीं आपत्ति होते, हा क्रम अनेक देशांनीं अनुभवला आहे.

त्याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९३७ मध्यें अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड प्रांतीं चार्ल्स ब्रॅडली नांवाच्या डॉक्टरांनीं आपल्या रुग्णालयांतील तीस मुलांस बेंझेड्रिन देऊन पाहिलें. हीं मुलें वर्तनाच्या निरनिराळ्या तक्रारींसाठीं तेथें ठेवलेलीं होतीं. त्यांपैकीं चौदा मुलांच्या अभ्यासांत आश्चर्य वाटावें इतकी सुधारणा दिसली. चंचल मूल उत्तेजकानें स्थिर व्हावें, हें वरकरणी उलटें वाटतें. परंतु तें खरें ठरलें. पुढें १९४४ मध्यें स्वित्झर्लंडमधील बाझल येथें लेआन्द्रो पानिझ्झोन यांनीं मेथिलफेनिडेट हें द्रव्य तयार केलें. त्यांच्या पत्नीचें लाडकें नांव 'रिटा' होतें, त्यावरून त्या औषधाचें 'रिटालिन' असें नामकरण झालें. अवधान टिकत नाहीं व अंगांत अतिशय चंचलता आहे, अशा विकारानें पीडलेल्या मुलांना डॉक्टर आजही हें औषध देतात.

हीं औषधें मेंदूंत नेमकें काय करतात? मेंदूंतील मज्जापेशी एकमेकींस चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्यें अतिसूक्ष्म फट असते. एका पेशींतून कांहीं रासायनिक द्रव्य त्या फटींत सोडलें जातें व तें पलीकडच्या पेशीच्या ग्राहकांवर जाऊन आदळतें, हाच निरोप. असें एक निरोप्या द्रव्य म्हणजे डोपामिन. मेंदूंत डोपामिनला स्वतंत्र महत्त्व आहे हें स्वीडनचे अर्व्हिड कार्लसन यांनीं १९५७ च्या सुमारास दाखवून दिलें, आणि त्याबद्दल त्यांस २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्यांच्या प्रयोगांत आपल्या भारताचाही अंश होता, हें वाचकांस वाचून आनंद वाटेल. आपल्याकडे सर्पगंधा नांवाची जी वनस्पति आहे, तिच्यापासून निघणारें रिसर्पिन त्यांनीं सशांस टोंचलें; तेव्हां ससे अगदीं निश्चेष्ट होऊन पडले. नंतर ज्या द्रव्यापासून शरीर डोपामिन बनवितें तें द्रव्य दिल्याबरोबर ते पुन्हां हालचाल करूं लागले.

शेतांत पाटाचें पाणी सोडतात, त्या दृष्टांतानें पुढील गोष्ट समजेल. शेतकरी वाफ्याला लागेल तेवढें पाणी सोडतो व मग बांध घालतो. मेंदूही गरजेपुरतें डोपामिन फटींत सोडतो, आणि काम झालें कीं त्यासाठीं नेमलेले वाहक तें परत पेशींत ओढून घेतात. कोकेन व मेथिलफेनिडेट हीं द्रव्यें या वाहकांची वाट अडवितात. त्यामुळें डोपामिन फटींत तुंबून राहतें. अँफेटामिन त्याच्याही पुढें जातें. तें पेशींत शिरून साठ्यांतलें डोपामिन बाहेर काढतें आणि वाहकांस उलट्या दिशेनें चालावयास लावतें. जणूं कोणी बांधच फोडून टाकावा! त्या वेळीं उत्साह वाटतो, झोंप पळते, आपण फार हुशार झालों असें भासतें. पण वाफ्यांत लागतें त्याहून अधिक पाणी सोडल्यानें पीक वाढत नाहीं. तें कुजतें, आणि वर विहीरही रिकामी होते.

मेंदूंत आनंदाची व इच्छेची कांहीं विशिष्ट केंद्रें आहेत, हें १९५४ मध्यें कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर यांच्या प्रयोगांनीं उघडकीस आलें. उंदराच्या मेंदूच्या ठराविक भागीं बारीक तार बसवून, दांडा दाबला कीं तेथें विजेचा हलकासा स्पर्श व्हावा अशी त्यांनीं योजना केली. उंदीर तो दांडा तासांत शेंकडों वेळां दाबीत राहिले. इच्छा किती अनावर होऊं शकते, याचें तें प्रत्यक्ष दर्शन होतें.

आणि आतां आपण आपल्या नगराकडे येऊं. १९९५ मध्यें अमेरिकेंत असें आढळून आलें कीं, उंदरांस कोकेन अथवा अँफेटामिन दिल्यावर त्यांच्या मेंदूंत एक विशिष्ट संदेशद्रव्य बनविण्याचें काम वाढतें. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'कार्ट' म्हणतात. या कार्टचा चिकाटीनें अभ्यास ज्या थोड्या ठिकाणीं झाला, त्यांत अमरावती मार्गावरील नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागाचें नांव घ्यावें लागेल. प्रा. निशिकांत सुभेदार व प्रा. दादासाहेब कोकरे आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं यावर अनेक निबंध प्रसिद्ध केले आहेत. २०१७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत त्यांनीं ओल्ड्स व मिल्नर यांचीच पद्धति वापरली. दांडा दाबण्यास सरावलेल्या उंदरांच्या मेंदूच्या एका खोल भागीं कार्ट टोंचलें, तेव्हां त्यांची दांडा दाबण्याची ओढ वाढली. उलट कार्टला निष्प्रभ करणारें द्रव्य टोंचलें, तेव्हां ती ओढ कमी झाली. म्हणजे 'पुन्हां हवें' या भावनेच्या सांखळींतील एक कडी येथें सांपडली.

याच विभागाच्या २००८ मधील एका अभ्यासाचा निष्कर्ष यापेक्षांही विचार करावयास लावणारा आहे. तो मद्यासंबंधीं आहे, आणि मद्य हें उत्तेजक नव्हे. तथापि सवय तुटतांना मेंदूवर काय बेततें, हें त्यावरून समजतें. कांहीं दिवस मद्य पाजून तें एकाएकीं बंद केलेल्या उंदरांत भयाचीं व अस्वस्थतेचीं लक्षणें दिसलीं. त्या वेळीं मेंदूच्या भयकेंद्रांत हेंच कार्ट वाढलेलें होतें. एका ठिकाणीं ओढ लावणारें द्रव्य दुसऱ्या ठिकाणीं भीति उत्पन्न करण्यास साहाय्य करतें! सुख व त्यामागून येणारें दुःख हीं मेंदूंत अशीं जवळजवळ नांदतात. शेजारच्या कामठी येथील श्रीमती किशोरीताई भोयर औषधनिर्माण महाविद्यालयांतही ॲग्मॅटिन या शरीरांतच बनणाऱ्या द्रव्याचा अभ्यास चालत आला आहे. निकोटिन दिलेल्या उंदरांस, जेथें तें मिळालें त्या जागेची जी ओढ लागते, ती ॲग्मॅटिननें कमी होते असें २०१४ मधील एका निबंधांत दाखविलें आहे. खर्ऱ्याचा विळखा ज्या भागांत इतका घट्ट आहे, त्याच भागांत निकोटिनच्या सवयीवर उतारा शोधण्याचें काम व्हावें, हें योग्यच नव्हे काय? उंदरांवरील निष्कर्ष माणसांस जसेच्या तसे लागू पडतात असें नाहीं. तेथून औषधाच्या बाटलीपर्यंतची वाट लांबची असते. परंतु पहिलें पाऊल असेंच पडावें लागतें.

आतां विद्यार्थ्यांचा मूळ प्रश्न घेऊं. निरोगी माणसानें अशी गोळी घेतली तर त्याची बुद्धि वाढते कां? २०२३ मध्यें याविषयीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस निरोगी तरुणांपुढें एक कोडें ठेवलें गेलें: पिशवींत ठराविक वजनच मावतें, समोर निरनिराळ्या वजनाच्या व किंमतीच्या वस्तु आहेत, तर पिशवींतील ऐवज अधिकांत अधिक मोलाचा कसा होईल? कधीं त्यांस मेथिलफेनिडेट, कधीं डेक्स्ट्रोअँफेटामिन, कधीं मोडाफिनिल, तर कधीं औषधाविना नुसतीच गोळी दिली. औषध घेतल्यावर त्यांची खटपट वाढली. त्यांनीं वस्तूंची अदलाबदल अधिक वेळां केली. परंतु त्या खटपटींतील नेमकेपणा घटला. जे एरवीं चांगले सोडवीत, त्यांपैकीं पुष्कळांची तर कामगिरी खालावली. घोडा अधिक वेगानें धांवला खरा, पण वाट चुकला. त्याआधीं, २०१३ मधील अमेरिकेंतील एका अभ्यासांत असेंही दिसलें होतें कीं, अँफेटामिन घेतलेल्या निरोगी लोकांस आपलें काम सुधारल्यासारखें वाटलें. मोजून पाहतां तशी सुधारणा मात्र आढळली नाहीं.

याशिवाय झोंपेचा प्रश्न उरतोच. दिवसा वाचलेलें कायमचें स्मरणांत बसविण्याचें बरेंचसें काम मेंदू झोंपेंत करीत असतो. जो विद्यार्थी झोंप मोडून पाठ करतो, तो एका हातानें पेरतो व दुसऱ्या हातानें पेरलेलें उकरून टाकतो. वारंवार गोळी घेतल्यास डोपामिनचे ग्राहक तिला सरावतात. मग तेवढ्याच परिणामासाठीं अधिक मात्रा लागते, आणि गोळी नसेल त्या दिवशीं मन खिन्न व शरीर गळल्यासारखें होतें. हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतात, भूक मरते. कांहींच्या मनांत संशय व भ्रम शिरतात. सावकार दारीं येऊन हंसतमुखानें पैसे देतो, वसुलीच्या वेळीं मात्र त्याची मुद्रा पालटते; तसेंच हें आहे. गोळीनें मिळालेले चार तास हे मिळकत नसून ऋण असतें, आणि त्याचें व्याज मेंदूला भरावें लागतें.

मग हीं औषधें देतो कोण आणि अडवितो कोण? येथें औषधविक्रेत्याचें खरें महत्त्व आहे. एके काळीं आपल्या देशांत कोणीही कसलेंही औषध विकीत असे. १९३० मध्यें सर रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें चौकशी समिति नेमली. पुढें १९४० चा औषधांचा कायदा, १९४५ चे नियम, व १९४८ चा औषधव्यवसायाचा कायदा झाले, आणि औषध हातीं देणारा मनुष्य शिकलेला व नोंदलेला असावा असें ठरलें. त्या नियमांच्या 'एक्स' नांवाच्या परिशिष्टांत अँफेटामिन व मेथिलफेनिडेट यांचा समावेश आहे. अशा औषधासाठीं डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यांतील एक प्रत दुकानदारानें दोन वर्षें जपून ठेवावयाची असते, आणि औषध कुलुपांत ठेवावें लागतें. मेफेड्रोनला तर औषध म्हणून कोणतेंच स्थान नाहीं. फेब्रुवारी २०१५ मध्यें तें अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखालीं आणलें गेलें. तें बाळगणें हाच गुन्हा आहे.

समजा, सीताबर्डीवरील एखाद्या दुकानांत एक मुलगा येऊन म्हणतो, "काका, झोंप न येणारी गोळी द्या ना." आणि काउंटरमागचे गृहस्थ विचारतात, "डॉक्टरांची चिठ्ठी आणली आहेस कां, बाळ?" चिठ्ठी नसते. "मग गोळी नाहीं. घरीं जा, जेव, आणि झोंप." त्या मुलास राग येईल, दुसरें दुकान गांठावें असेंही वाटेल. परंतु त्या गृहस्थांनीं नकार देतांना स्वतःच्या लाभावर पाणी सोडलें, हें तो मोठा झाल्यावर समजेल. नकार देणारा औषधविक्रेता हा विद्यार्थ्याचा शिक्षकच होय. पालकांनीं अशा दुकानदाराशीं वाद घालूं नये. त्याचे आभार मानावे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगितली पाहिजे. ज्या मुलास तज्ज्ञ डॉक्टरांनीं तपासून अवधानाच्या विकारासाठीं मेथिलफेनिडेट दिलें आहे, त्यास कोणी व्यसनी म्हणूं नये. मोजक्या मात्रेंत, नियमित तपासणीखालीं घेतलेलें तें औषध त्याच्यासाठीं चष्म्यासारखें आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यास भिऊन पालकांनीं तें आपल्या मनानें बंद करूं नये. पण एकाचा चष्मा दुसऱ्याच्या डोळ्यास लागत नाहीं, म्हणून त्या मुलानेंही आपली गोळी मित्रास देऊं नये. वस्तु तीच, एकास औषध, दुसऱ्यास विष. फरक पडतो तो रोगाचा, मात्रेचा व देखरेखीचा.

विद्यार्थिमित्रांनो, अभ्यास रोज थोडा करावा. रात्रीं सात-आठ तास झोंपावें. सायंकाळनंतर चहा टाळावा, कारण पोटांत गेलेल्या कॅफीनचा निम्मा अंश उतरण्यास सुमारें पांच तास लागतात. कोणी गोळी पुढें केली तर 'नको' एवढेंच म्हणावें. कारण देत बसण्याचें प्रयोजन नाहीं. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मूल एकाएकीं रात्रंदिवस जागूं लागलें, जेवेनासें झालें, चिडूं लागलें, तर प्रथम त्याच्याजवळ बसून त्यास विचारावें, मागाहून रागवावें. गुणांच्या भीतीनें तें गोळीकडे वळलें असेल, तर ती भीति घालविणें हा निम्मा उपचार आहे. व्यसनमुक्तीच्या साहाय्यासाठीं १४४४६, व मनाच्या कोणत्याही अस्वस्थतेसाठीं १४४१६, या क्रमांकांवर शासनानें विनामूल्य सोय केलेली आहे. तेथें विचारण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्याच शहरांतील प्रयोगशाळांत मेंदूच्या इच्छेचीं कोडीं सुटत आहेत. आज हें वाचणाऱ्यांपैकीं एखादा मुलगा किंवा मुलगी उद्यां तेथेंच पांढरा अंगरखा घालून उभी राहील, अशी आम्हांस आशा आहे. त्या कामाला लागणारी सर्व सामग्री त्यांच्यापाशीं आजच आहे: कोणत्याही गोळीनें न बिघडवलेला, रात्रीं नीट झोंपलेला, स्वतःचा मेंदू.